सगळ्या कॉलेजची ताई

कॉलेजात तिला ताई म्हणत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. फाटकावरचा रखवालदार तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, तोही ताईच म्हणायचा. गणिताचे सर इतके तिरसट, की स्वतःच्या बायकोला हाक मारायचाही त्यांना कंटाळा, पण मागच्या खोलीच्या दारात उभे राहून "ताई, आहात का?" असं विचारताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. काम पडायचंच प्रत्येकाचं. कुणाचा फ्लास्क तडकलेला, कुणाच्या नळीचं टोक उडालेलं. ताई काळा चष्मा लावायची, बर्नर पेटवायची, नळी ओठांत धरून फुंकर घालायची आणि मोडलेली काच पुन्हा अखंड करून हातात द्यायची.

या सगळ्या ताई म्हणणाऱ्यांत एकजणच अशी होती, जिची ती खरोखरची ताई होती. ती म्हणजे कॉलेजच्या प्राचार्य मॅडम. मॅडम तिला ताई म्हणायच्या यात कुणाला काही वाटायचं नाही, कारण सगळेच म्हणत. ताईला मात्र धाकट्या बहिणीला चारचौघांत "मॅडम" म्हणावं लागायचं, आणि तो शब्द गेली कित्येक वर्षं तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकत होता.

सुरुवात आबांच्या दुकानात झाली. आबा म्हणजे त्यांचे वडील, काच फुंकणारे. दवाखान्यांना आणि शाळांना लागणाऱ्या नळ्या, बाटल्या, तापमापकं ते बनवायचे. खाली दुकान, मागे घर आणि वर लाकडी फळ्यांचा माळा. दोघी मुली भट्टीच्या धगीशेजारीच वाढल्या. आई धाकटीच्या बाळंतपणातच गेली होती, तेव्हा आईपण जे काही होतं ते तीन वर्षांनी मोठ्या ताईच्या वाट्याला आलं.

ताई एकोणीस वर्षांची असताना एक दिवस छत्रीवाले सर दुकानात आले. कडक ऊन असो नाहीतर साधं ढगाळ, त्यांच्या हातात छत्री असायचीच, म्हणून हे नाव. ते मोठ्या विद्यापीठात रसायन शिकवायचे आणि नळ्या आबांकडून न्यायचे. त्या दिवशी नळ्या न्यायला आले नव्हते. नोकरी सोडून आले होते.

"तीन वर्षं सांगतोय त्यांना," ते म्हणाले, "कामावर जाणाऱ्या माणसांसाठी सकाळी सहाला वर्ग घ्या. सहा ते नऊ. मला म्हणाले, विद्यापीठ म्हणजे दुधाची गाडी नव्हे, पहाटे फिरायला. म्हटलं, मग मीच काढतो कॉलेज. आबा, तुमचा माळा रिकामा आहे म्हणे?"

"रिकामा कुठला? उंदीर आहेत."

"मग त्यांनाही प्रवेश देऊ."

असं ते कॉलेज निघालं. सरांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठणकावून सांगितल्या. सरकारच्या दारात कॉलेज हात पसरणार नाही, आणि कुणा धनिकाच्या नावाची पाटी इमारतीवर लागणार नाही. "कुणाच्या वळचणीला उभं राहायचं नाही," हे त्यांचं पालुपद. परीक्षा मात्र नाइलाजाने मोठ्या विद्यापीठाची द्यावी लागायची. शिकवणार हे आणि शिक्का त्यांचा. सरांना ते फार झोंबायचं.

पहिल्या वर्षी नऊ विद्यार्थी जमले. एक पोस्टमन, दोन परिचारिका, एक शिंपी, गॅरेजमधले दोघे मेकॅनिक, एक बसकंडक्टर, एक दुकानातला हिशेबनीस आणि ताई. हजेरीपटात पहिलं नाव तिचं, कारण बाकीचे जिना चढून येईपर्यंत ती आधीच वर असायची. सरांनी प्रश्न विचारला की हात वर जायचा तोही आधी तिचाच. सर हसून म्हणायचे, "तू गप्प बस जरा, त्या पोस्टमनला पोचू दे."

हे सुख तीन महिने टिकलं. धगीकडे बघून बघून आबांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता, तो आता एकाएकी वाढला. एके दिवशी त्यांनी नळी समजून स्वतःचं बोट ज्योतीत धरलं. दवाखान्याचं मोठं काम अंगावर होतं. घरात कुणी ताईला "आता तू शिकू नकोस" असं म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सहा वाजता ती बर्नरपुढे उभी राहिली, एवढंच.

नऊनंतर सर खाली आले. "आज वर आली नाहीस?"

"उद्या येते, सर."

आठवडाभर ती रोज हेच म्हणाली. मग सरांनी विचारणं सोडलं आणि हजेरीपटातल्या पहिल्या नावावर आडवी रेघ मारली.

पुढच्या वर्षी धाकटीची शाळा संपली आणि ती जिना चढून वर गेली.

त्यानंतरची तीन वर्षं ताईने फळ्यांखालून कॉलेज केलं. वर खुर्ची सरकली की खाली धूळ पडायची. सरांचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. वरून प्रश्न पडे आणि खाली, ओठांत नळी असूनही, ताईच्या डोक्यात उत्तर तयार होई. मग धाकटीचा आवाज यायचा, थोडा अडखळत, थोडा लाजत. कधी बरोबर, कधी चूक. चूक आलं की ताईला आत कुठेतरी गार वाटायचं. बरोबर आलं, सर "शाबास" म्हणाले, की नळीत फुंकर जरा जास्तच जायची आणि काचेचा फुगा फुटायचा.

"काय झालं गं?" आबा कोपऱ्यातून विचारायचे.

"काही नाही. काच कच्ची होती."

धाकटी तशी वाईट मुलगी नव्हती, हे सांगायला हवं. ती खाली आली की वही ताईपुढे ठेवायची. "आज हे शिकवलं, तू बघ ना." ताई म्हणायची, "मला वेळ नाही." ती झोपली की मात्र वही उघडून बघायची, आणि चुकलेल्या ठिकाणी पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची. धाकटी सकाळी टिंब बघून चूक दुरुस्त करायची. याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. शेवटच्या परीक्षेत धाकटी सगळ्या विद्यापीठात दुसरी आली, तेव्हा सरांनी तिचा फोटो माळ्यावरच्या भिंतीला लावला. ताईने तो पुसायचं काम कधीच केलं नाही. जाळी धरली तरी चालेल, असं तिचं म्हणणं.

कॉलेज वाढत गेलं. नवाचे साठ झाले, साठाचे तीनशे. माळा मोडेल असं वाटायला लागलं तेव्हा बंद पडलेला एक साबणाचा कारखाना मिळाला. जुन्या विद्यार्थ्यांनीच भिंती पाडल्या, शिंप्याने पडदे शिवले, दोघा मेकॅनिकांनी पंखे चालू केले. पुढची कित्येक वर्षं पहिल्या मजल्यावरच्या वर्गात उन्हाळ्यात साबणाचा वास यायचा. मागच्या अंगाला कढयांची खोली होती, ती सरांनी ताईला दिली. "कॉलेजला काच लागणार आणि काच तुझ्याशिवाय कुणाला येत नाही. दुकान बंद कर. इथे ये." आबा तोवर वारले होते. ताई आली. तिची नेमणूक झाली 'काच कारागीर' म्हणून. त्या आधी तिचं लग्नही झालं होतं, गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरशी. माणूस साधा आणि हसरा. त्याला विनोद केल्याशिवाय घास उतरायचा नाही. "हिच्यापुढे जपून," तो मित्रांना सांगायचा, "फुंकर घातली तर आकार बदलून टाकते."

धाकटी तेव्हा दूरच्या शहरात डॉक्टरेट करत होती. ती परत आली ती प्राध्यापक होऊनच. पहिल्या दिवशी ती धावत मागच्या खोलीत आली. दारात तीन विद्यार्थी उभे होते.

"ताई!"

"या मॅडम," ताई म्हणाली. काळा चष्मा तिने काढला नाही.

धाकटीचा चेहरा पडला. पोरं गेल्यावर ती म्हणाली, "तू मला मॅडम म्हणू नकोस गं. मला कसंतरी वाटतं."

"म्हणू नकोस म्हणजे? परवानगी देताय?"

"तसं नाही..."

"सगळे म्हणतात, मीही म्हणेन. कारागीर आहे मी इथली."

त्यात गंमत अशी, की तिने 'मॅडम' म्हटलं नसतं आणि धाकटीने ते चालवून घेतलं असतं, तरी ताईच्या अंगाचा तिळपापडच झाला असता. मत्सर ही चीजच अशी. तिला काहीही वाढा, ती ताट लाथाडते.

मग वर्षामागून वर्षं लहान लहान गोष्टी साठत गेल्या. धाकटीच्या दारावर पितळी पाटी लागली, ताईच्या खोलीवर 'ज्वाला, सावधान'. धाकटी पोचली की शिपाई उठून उभा राहायचा, ताई पोचली की म्हणायचा, "ताई, चहा टाका ना." एकदा धाकटीने एक अवघड प्रयोग केला, त्यासाठी ताईने सात वेळा मोडून आठव्या वेळी एक वाकडी नळी करून दिली होती. तो निबंध परदेशातल्या मासिकात छापून आला. ताईने वाचनालयात जाऊन, शब्दकोश घेऊन, तो शेवटपर्यंत वाचला. शेवटी आभार होते. छत्रीवाल्या सरांचे, कॉलेजचे, आणि मग अर्धी ओळ, "उपकरण स्थानिक कारागिराकडून बनवून घेतले."

ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "स्थानिक कारागीर! मी!"

"मग बरोबरच आहे की," नवरा म्हणाला, "तू काय परदेशी आहेस?"

त्या दिवशी नवऱ्याला तिने चहा दिला नाही.

ताईला एक मुलगी होती, हुशार, बडबडी. ती याच कॉलेजात आली, रसायनालाच. ताईला मनातून वाटलं होतं की लेक मागच्या खोलीत येऊन बसेल, बर्नर हातात घेईल. लेक यायची, पण डबा खायला. बोलायची ते मावशीबद्दल. मावशी असं समजावते, मावशीने आज फळ्यावर हे लिहिलं, मावशी चिडली की आवाज चढत नाही, उतरतो. एकदा डब्याचं झाकण लावता लावता ती म्हणाली, "आई, मला ना, अगदी मावशीसारखं व्हायचंय."

"हो ना," ताई म्हणाली आणि हातातली धड काचनळी केराच्या टोपलीत टाकली.

छत्रीवाले सर थकले आणि प्राचार्यपद धाकटीकडे आलं. त्याच सुमाराला, इतकी वर्षं सरांना जे झोंबत होतं, त्याचा निकाल लागायची वेळ आली. कॉलेजने स्वतःची पदवी द्यायची परवानगी मागितली. मोठ्या विद्यापीठाचा शिक्का नको, आपलाच. पाच जणांची समिती येऊन पाहणी करणार होती. वर्ग बघतील, हजेरीपट बघतील, आणि मुख्य म्हणजे प्रयोगशाळा बघतील. सर अंथरुणावरून म्हणाले, "हे झालं की मी मोकळा."

धाकटीने ठरवलं, की समितीपुढे कॉलेजात बनलेलं एक उपकरण चालवून दाखवायचं. माणसाच्या उंचीचा काचेचा मनोरा. खाली फ्लास्कमध्ये मिश्रण उकळायचं, वाफ मनोऱ्यातून चढायची आणि वेगवेगळे द्रव वेगवेगळ्या तोंडांतून थेंबथेंब गळायचे. ती आराखडा घेऊन मागच्या खोलीत आली, स्टुलावर बसली.

"ताई, हे तुझ्याशिवाय कुणी करूच शकत नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "ठेवा तिथे, मॅडम."

वीस दिवस ताई त्या मनोऱ्यावर खपली. एकात एक तीन नळ्या, बारा जोड. काचेच्या कामात जोड घालणं हे अर्धंच काम. जोड गरम असताना वरवर चांगला दिसतो, पण तो एका पेटीत ठेवून हळूहळू, रात्रभर, निववावा लागतो. घाईत निवला तर काच दिसते धड, पण तिच्या आत ताण राहून जातो. मग पुढे कधी ती तापली, की तडकते. हे ताईला आबांनी ती सात वर्षांची असताना शिकवलं होतं. मनोऱ्याच्या अकरा जोडांना तिने पुरता वेळ दिला.

समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. मनोरा प्रयोगशाळेत उभा होता, उन्हात झगमगत होता. ताई खालचा, फ्लास्कजवळचा बारावा जोड तपासत वाकली होती. तिला त्याचा कोन जरा चुकलेला वाटत होता.

"ताई, जरा बाजूला होता का?" फोटोग्राफर म्हणाला. "मॅडमना उपकरणाजवळ घेतो."

धाकटी म्हणाली, "थांबा, ताईलाही घ्या. तिनेच केलंय हे."

"घेतो ना, नंतर दोघींचा घेतो." त्याने धाकटीचे चार फोटो काढले. मग त्याला कुणीतरी वर्ग दाखवायला बोलावलं आणि दोघींचा फोटो राहूनच गेला. धाकटीही त्याच्यामागून गेली, बोलत, हसत. लक्षात तरी काय काय ठेवणार ती त्या दिवशी!

ताईने तो चुकलेला तुकडा काढला, खोलीत नेला, तापवून कोन सरळ केला. सुंदर झाला जोड. तिने तो पेटीत ठेवला. मग खुर्चीत बसून राहिली. तासाभराने उठली, पेटी उघडली आणि तो तुकडा बाहेर काढला. बाहेर अजून ऊन होतं. घाई नव्हती. रात्रभर पेटीत ठेवून सकाळी सातला बसवला असता तरी समिती दहाला येणार होती. हे सगळं तिला माहीत होतं. ती तो घेऊन प्रयोगशाळेत गेली, मनोऱ्याला बसवला, फडक्याने पुसला आणि घरी गेली. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "जरा लवकर काढला असेल." तिला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला समिती आली. ताई दाराशी, इतर कर्मचाऱ्यांत उभी. धाकटीने दोन वाक्यांत उपकरण समजावलं आणि म्हणाली, "प्रयोग आमची विद्यार्थिनी करून दाखवील." पांढरा कोट घालून पुढे आली ती ताईची लेक. आईला चकित करायचं म्हणून तिने घरी सांगितलं नव्हतं.

थांबा म्हणावं, पुढे व्हावं, असं ताईच्या मनात आलं. पण कारण काय सांगणार? ती मनातल्या मनात म्हणत राहिली, टिकेल, माझा जोड आहे, टिकेल. मिश्रण उकळायला लागलं. वाफ चढली. समितीतले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ कौतुकाने वाकले. लेक खालच्या फ्लास्कजवळ हात नेऊन काहीतरी दाखवत होती.

टिक्, असा बारीक आवाज झाला. तो ताईला सगळ्यांच्या आधी कळला, आणि तिच्यानंतर कळला धाकटीला. धाकटीने पोरीला खांद्याला धरून मागे खेचलं आणि स्वतःचा हात मध्ये घातला. जोड फुटला. उकळता द्रव धाकटीच्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, सांडला. मनोरा वरून खाली कोसळला आणि वीस दिवसांच्या कामाचा फरशीवर चुरा झाला.

लेकीच्या अंगावर ओरखडाही नव्हता. ती रडत होती ती मावशीचा हात बघून.

समितीने सहानुभूती दाखवली, चहा घेतला आणि निर्णय एक वर्ष पुढे ढकलला. छत्रीवाले सर तेवढं वर्ष जगले नाहीत.

अपघातानंतरच्या पंधरा दिवसांत ताईला नीट झोप लागली नाही. अपराध वाटत होताच. पण त्याहून एक भलतीच गोष्ट तिला आतून कुरतडत होती. जिथे माझा हात मध्ये पडायला हवा होता, तिथेही हीच पुढे. माझ्या पोरीला वाचवलं तेही हिनेच. आता लेक जन्मभर मावशीचंच गाणार. असं मनात आलं की ती स्वतःलाच शिव्या द्यायची, आणि शिव्या देऊन झाल्या की पुन्हा तेच मनात यायचं.

सोळाव्या दिवशी, भर दुपारी, धाकटी मागच्या खोलीत आली. हाताला बँडेज. दुसऱ्या हातात रुमालात बांधलेला काचेचा तुकडा. तिने दार लोटलं. कपाटातून दोन काळपट भिंगं काढली. काचेत ताण आहे की नाही ते या भिंगांमधून बघितलं की कळतं; ताण असेल तिथे रंग दिसतात. तुकडा दोन भिंगांमध्ये धरून तिने ताईपुढे केला. ताईने बघितलं नाही.

"किती वेळ होता पेटीत?"

"तासभर."

"का?"

ताईने बर्नर विझवला. मग म्हणाली, "मला तुझं चांगलं झालेलं बघवत नाही. पहिल्यापासून. तू वर गेलीस त्या दिवसापासून."

इतक्या वर्षांत या खोलीत तिने धाकटीला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं.

धाकटीचा आवाज उतरला. "माझ्या हाताचं जाऊ दे. पण तिथे तुझी पोर होती."

"मला माहीत नव्हतं गं ती असेल!"

"म्हणजे मी असते तर चाललं असतं?"

धाकटी खिडकीशी गेली. मग म्हणाली, "सरांनी मला आयुष्यभर काय ऐकवलं ठाऊक आहे? काहीही करून दाखवलं की म्हणायचे, छान, पण तुझी बहीण याच्याही पुढे गेली असती. मी डॉक्टरेट घेऊन आले त्या दिवशीही म्हणाले. मला काय वाटत असेल, कधी आलं तुझ्या मनात?"

हे ऐकून ताईला जे झालं ते तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. तिला आनंद झाला. त्या बँडेजकडे बघत असतानाही झाला. आणि मग त्या आनंदाची फार लाज वाटली.

"अहवालात मी 'काच सदोष निघाली' एवढंच लिहिलंय," धाकटी म्हणाली. "माफ केलं म्हणून नाही. कॉलेजची अब्रू जायला नको म्हणून. पुढच्या वर्षी समिती परत येईल. मनोरा तूच करणार आणि चालवूनही तूच दाखवणार. त्याच्याशेजारी तू उभी राहायचंस, दुसरं कुणी नाही."

ती गेली. नंतर कित्येक महिने दोघी कामापुरतंच बोलल्या. सणसणीत भांडण झालं असतं तर बरं, असं ताईला वाटायचं. पण धाकटी भांडायचीही नाही. माप सांगायची, चिठ्ठी ठेवायची आणि जायची.

ताईने मनोरा पुन्हा केला. बाराच्या बारा जोड पुरते निववले, प्रत्येक त्या काळपट भिंगांतून दोनदा तपासला. वर्षाने समिती आली. ताई पांढरा कोट घालून मनोऱ्याशेजारी उभी राहिली. कोट लेकीचा, खांद्यात घट्ट होत होता. पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी विचारलं, "इथे वाफ परत का फिरते?" ताईने सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं, तिने आणखी सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "आपण कुठे शिकलात?"

ताईने धाकटीकडे बघितलं. धाकटी खिडकीबाहेर बघत होती.

"इथेच," ताई म्हणाली. "खालच्या मजल्यावर."

त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. दोन महिन्यांनी परवानगीचं पत्र आलं. कॉलेज खऱ्या अर्थाने स्वतंत्र झालं. पहिल्या पदवीदान समारंभाला एकशे बारा जणांना कॉलेजच्या स्वतःच्या शिक्क्याच्या पदव्या मिळाल्या. त्यांत ताईची लेकही होती. पदवी घेताना ती मावशीच्या गळ्यात पडली. तिसऱ्या रांगेत नवरा ताईला म्हणाला, "टाळ्या वाजव की गं, पोरगी आपली आहे." ताईने वाजवल्या. धाकटीच्या बाहीतून भाजल्याची गुलाबी खूण दिसत होती. ताईची नजर तिथे गेली की टाळी चुकायची.

त्याच वर्षी कॉलेजचा इतिहास छापून निघाला. लिहिला होता प्राचार्यांनी. एक प्रत शिपायाने मागच्या खोलीत आणून ठेवली. माळा, साबणाचा कारखाना, छत्री, सगळं त्यात होतं. समितीच्या पहिल्या भेटीबद्दल एकच ओळ होती, की तांत्रिक अडचणीमुळे निर्णय लांबला. आणि मग पाच पानं मागच्या खोलीवर. ताईचं पूर्ण नाव होतं. फळ्यांखालून शिकणारी मुलगी होती. वहीतली पेन्सिलीची टिंबंसुद्धा होती. ताईला वाटलं होतं धाकटीला ती टिंबं कपड्यांच्या परीटघडीसारखी आपोआप मिळालेली वाटत असतील, तिच्या कधी ध्यानातही आली नसतील. धाकटीने तर ती मोजून ठेवली होती. पहिल्या वर्षी एकशे सहा, दुसऱ्या वर्षी एकोणचाळीस, तिसऱ्या वर्षी चार.

ताईने पाचही पानं दोनदा वाचली. डोळे भरून आले. मग तिने पुस्तक मिटलं.

लेक दारात उभी होती. "वाचलंस? कसं वाटलं?"

"एका ठिकाणी चूक आहे," ताई म्हणाली. "आबांची भट्टी डाव्या हाताला होती, हिने उजव्या लिहिलीय."

"एवढंच?"

ताईने पुस्तक बाजूला सरकवलं. "आणि लिहिलंयही मेलीने किती छान," ती म्हणाली. "मला नसतं जमलं." हे म्हणताना तो जुना काटा पुन्हा टोचलाच. तिने डोळे पुसले, काळा चष्मा चढवला आणि पहिल्या वर्षाच्या वर्गाला लागणाऱ्या चाळीस नळ्यांपैकी अकरावी हातात घेतली.